तुर्भ्याची एक केस: अकरावा आठवडा ते अठ्ठाविसावा आठवडा

गरोदर बाईच्या माता बाल संरक्षण कार्डावर एचआयव्ही टेस्टचा एक रकाना असतो, हिमोग्लोबिन वगैरेच्या आसपासच, आणि या बाईच्या कार्डावर तिथे निळ्या पेनाने एक आडवी रेघ मारलेली होती. आता रेघेचा अर्थ टेस्ट झालीच नाही असा पण होतो, बाई नको म्हणाली असा पण होतो, आणि काही जण निगेटिव्हला पण सरळ रेघ मारून मोकळे होतात. सातव्या महिन्यात ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा रेघ बघून मला कळेना नक्की काय धरायचं, आणि माझ्याआधी हे कार्ड निदान चार जणांच्या हातातून गेलेलं होतं.

मी नवी मुंबईत एका आयसीटीसीत समुपदेशक आहे, २०११ पासून. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, पण हे नाव आम्ही सोडून कुणी घेत नाही, लोकांसाठी ती रक्ताची खोली. केस लिहिताना बाईची ओळख पटेल असं सगळं बदललंय किंवा गाळलंय, आणि लिहू का म्हणून तिला विचारलंय, ती म्हणाली लिहा, पण माझी कीव येईल असं नका लिहू. तेवढं पाळायचा प्रयत्न करते.

वय चोवीस. राहायला तुर्भे स्टोअरच्या बाजूला, एका खोलीत पाच माणसं: ती, नवरा, सासूबाई, दीर, जाऊ. नवरा एपीएमसी मार्केटमध्ये हमालीला, पहाटे तीनला जातो, दुपारी एकच्या पुढे सुटतो. घरात स्मार्टफोन एकच, तो जावेकडे. पोटातलं बाळ पहिलं, पण लग्न दुसरं, ही गोष्ट कुठल्याच कागदावर नव्हती, मला पण तिसऱ्या बैठकीत कळली.

अकराव्या आठवड्यात तिने नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं होतं, म्हणजे अगदी वेळेत, बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा असं आपण सगळीकडे ओरडत असतो ना, ते तिने केलं होतं. वजन, बीपी, लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन सगळं झालं, पण केसपेपरच्या लायनीतून सुटून ती रक्त द्यायला पोचली तेव्हा नमुने घ्यायची वेळ संपलेली. उद्या या म्हणाले. दुसऱ्या दिवशी आली तर टेक्निशियन ट्रेनिंगला गेलेला, मग मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. ती गेली पण, एनएमएमटीची बस पकडून, सासूबाईंना काय सांगायचं हे ठरवून वगैरे, आणि तिथे खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की ही तपासणी नवऱ्याला घेऊन करायची असते, एकटीची होत नाही.

असा नियम कुठेच नाही. गरोदर बाईची टेस्ट नवऱ्याच्या परवानगीवर किंवा हजेरीवर अडत नाही. नवऱ्याची पण टेस्ट व्हावी अशी आमची इच्छा असते, त्याला बोलवा असं आम्ही सांगतो, आणि त्या सांगण्याचंच कुणाच्या तरी तोंडी असं रूप झालं असणार. त्या माणसाला मी ओळखत नाही, वाईट हेतूने बोलला असेल असंही मला वाटत नाही, पण त्याच्या त्या एका वाक्याने ही बाई परत फिरली कारण तिचा नवरा एकच्या आधी येऊच शकत नाही आणि खिडकी त्याच्या आधी बंद होते. नंतर चौदाव्या आठवड्यात ती माहेरी गेली, मराठवाड्यात, कार्ड तुर्भ्याला पत्र्याच्या डब्यात राहिलं, सहा आठवडे तिकडे. आईने राहायला बोलावलं होतं, त्यात कुणाची काय चूक.

परत आल्यावर जावेने सुचवलं की पाचव्या महिन्याची सोनोग्राफी खाजगीत करू, सरकारीत फार दिवसांची तारीख देतात. गेल्या. नर्सिंग होमचं नाव इथे नको. तिथे सोनोग्राफीबरोबर रक्ताचं पॅकेज असतं, हाताला पट्टी बांधली, नळी भरली, कसली कसली टेस्ट आहे ते कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही, सही घेतली ती कसल्या कागदावर ते तिला आठवत नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला दोघी गेल्या तर काउंटरवरच्या मुलीने फाइल उघडली, आत जाऊन आली, आणि जावेकडे बघून म्हणाली की यांचं एचआयव्ही आलंय, आमच्याकडे डिलिव्हरी होणार नाही, दुसरीकडे बघा. मागे बसलेल्या बायका ऐकत होत्या.

इथे मला थांबून सांगायलाच हवं. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ सालचा आहे, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला, आणि तो सरकारीला लागतो तसा खाजगीला पण लागतो. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय टेस्ट करायची नाही, टेस्टच्या आधी आणि नंतर समुपदेशन हवं, रिझल्ट दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही, आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. त्या काउंटरवर दोन मिनिटांत यातलं सगळंच मोडलं गेलं. शिवाय तो रिझल्ट एकाच किटवरचा होता. आमच्याकडे लक्षणं नसलेल्या माणसाला पॉझिटिव्ह म्हणायच्या आधी वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन टेस्ट कराव्या लागतात आणि तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच. एकीवर फक्त संशय धरायचा असतो आणि माणसाला पुढच्या दारापर्यंत पोचवायचं असतं, शक्यतो हाताला धरून.

तेव्हा तिला एकविसावा आठवडा चालू होता. माझ्याकडे आली अठ्ठाविसाव्यात. मधले सात आठवडे रिपोर्ट घरात होता, गादीखाली, आणि गोळी एकही नाही. आपण मीटिंगमध्ये किती टक्के गरोदर मातांची टेस्ट झाली ते मोजतो, त्या मोजणीत ही बाई 'टेस्ट झाली' मध्ये येईल. टेस्ट झालीच की तिची, आणि त्या टेस्टमुळेच ती सात आठवडे घराबाहेर पडली नाही. जावेने ताट वेगळं केलं, सासूबाईंना सांगितलं, नवऱ्याला एवढंच सांगितलं की रक्तात दोष आहे. आकडा आणि नावाची यादी हातात असून हे आम्हाला दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती यादी भरणाऱ्यांतली मी पण एक आहे.

तिला शोधलं ते आशाताईंनी, म्हणजे वस्तीत घरोघरी जाणाऱ्या आमच्या आशा सेविकेने. त्यांच्या यादीत ही बाई दोन तपासण्या चुकलेली दिसत होती. खाजगीत काय झालं याची त्यांना काहीच कल्पना नव्हती, आणि एका अर्थाने बरंच झालं. त्या दोनदा घरी गेल्या तर जाऊ दारातूनच सांगायची की वहिनी झोपल्यात, मग तिसऱ्यांदा त्या पाणी येण्याच्या वेळी नळावर गेल्या आणि तिथे गाठलं. म्हणाल्या, ताई तुमच्या कॅल्शियमच्या गोळ्या संपल्या असतील, वजन पण करायचंय, उद्या मी तिकडेच चाललेय, येता का सोबत. एवढंच. वाटेत रिक्षात ती रडायला लागली आणि तो रिपोर्ट पिशवीतून काढून दाखवला. आशाताईंनी तो वाचला, घडी घालून परत तिच्याच पिशवीत ठेवला आणि सरळ माझ्याकडे घेऊन आल्या.

आमच्याकडे सकाळी दहाला बाकांवर वीस पंचवीस गरोदर बायका बसतात, मी उभी राहून सगळ्यांना मिळून टेस्टची माहिती देते, शेवटी म्हणते की कुणाला करायची नसेल तर सांगा. इतक्या वर्षांत त्या गर्दीतून नको म्हणून हात वर करणाऱ्या बायका बोटावर मोजण्याइतक्या. सगळ्यांसमोर नको म्हणायचं म्हणजे काहीतरी लपवतेय असं दिसणार ना. त्या दिवशी तिला मी बाकावर बसवलंच नाही, आत घेतलं, दार लोटून खुर्ची आडवी लावली (आमच्या दाराला कडी नाही, कधीची मागतोय) आणि आधी पाणी दिलं.

पहिलं वाक्य तिचं होतं, बाळ तर गेलंच ना मॅडम. तिच्या डोक्यात असं होतं की आईला आहे म्हणजे बाळाला असणारच, शंभरातल्या शंभरांना. मी सांगितलं की काहीच नाही केलं तरी शंभरातल्या साधारण १५ ते ४५ बाळांना होतो, आणि आईच्या गोळ्या नीट चालू असतील, बाळाला औषध मिळालं, तर ५ पेक्षाही कमी. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली म्हणजे काहीच नाही केलं तरी निम्म्याच्या वर बाळं नीट राहतात? हो म्हटलं. मग सात आठवडे मी कशाला... पुढे बोलली नाही. मी पण मध्ये बोलले नाही.

मग पुन्हा सुरुवातीपासून, की एका किटवर आलेलं अजून पक्कं नाही, आपण तीन करू, करायची का नाही ते तुम्ही ठरवा, रिझल्ट फक्त तुमच्या हातात देईन. सिफिलिसची टेस्ट पण त्याच वेळी होते ते सांगितलं. हो म्हणाली. साधारण तासाभराने रिझल्ट आला, तिन्ही रिॲक्टिव्ह, सिफिलिस नाही. बाहेर आशाताई थांबल्या होत्या, तिने त्यांना आत बोलवा म्हणून स्वतः सांगितलं.

आता माझी चूक. दोन दिवसांनी एआरटी सेंटरला (एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, तिथे मिळतात) कधी जायचं ते सांगायला मी कार्डावरच्या नंबरवर फोन लावला, तो जावेने उचलला, आणि मी सवयीने आयसीटीसीतून बोलतेय असं म्हणून गेले. जाऊ म्हणाली, हां, ती एड्सची खोली. जावेला आधीच माहीत होतं हे खरं, पण त्याने माझी चूक छोटी होत नाही, माहीत नसतं तर मीच फोडलं असतं. मी त्या बाईची माफी मागितली. तेव्हापासून पहिल्याच बैठकीत विचारते, हा नंबर कुणाकडे असतो, दुसऱ्याने उचलला तर मी कोण म्हणून सांगू, कुठल्या वेळी करू. हिने सांगितलं अंगणवाडीच्या बाई म्हणा, दुपारी दोन नंतर करा.

तिसऱ्या बैठकीत पहिल्या लग्नाचं कळलं. अठराव्या वर्षी गावाकडे लग्न, नवरा ट्रकवर, दोन वर्षांत टीबीने गेला. टीबी झालेल्या माणसाची एचआयव्ही टेस्ट करायची असते, त्याची झाली का, झाली तर हिला कुणी काही सांगितलं का, तिला काहीच माहीत नाही, सासरच्यांनी तेराव्यानंतर माहेरी पाठवून दिलं. तेव्हा कुणीतरी तिला बसवून विचारलं असतं तर गोष्ट चार वर्षं आधी कळली असती. मी तिला हे कुठून आलं असं एकदाही विचारलं नव्हतं, आम्ही विचारू पण नये. तिचं तिनेच जुळवलं आणि जुळवल्यावर ती थोडी सैलावली, कारण तोवर घरात जावेच्या तोंडी सारखं एकच होतं, हिने काय धंदे केले असतील.

नवऱ्याला सांगायचं की नाही यावर आमचं दोनदा बोलणं झालं. जोडीदाराला सांगण्याबद्दल कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे आणि त्यात बाईच्या बाबतीत मुद्दाम लिहिलंय की सांगितल्यामुळे मारहाण होईल, घराबाहेर काढतील, तिच्या जिवाला किंवा मनाला मोठा धोका होईल अशी सार्थ भीती असेल तर आरोग्य कर्मचाऱ्याने सांगू नये. म्हणून मी आधी विचारलं, मारतो का. म्हणाली, नाही, पण बोलत नाही, बोललाच नाही तर मी काय करू. एक आठवडा घेतला तिने. मग एका बुधवारी दोघं आली, एक वाजून वीस मिनिटांनी, त्याच्या खांद्यावर अजून गोणीची धूळ. आमची नमुने घ्यायची वेळ तेव्हा संपलेली असते. मी आदल्या दिवशी टेक्निशियन दादांना सांगून ठेवलं होतं आणि ते डबा न खाता थांबले होते.

सांगितलं तिनेच, मी फक्त शेजारी बसून. त्याची टेस्ट निगेटिव्ह आली.

आणि इथे खरं तर सगळ्यात अवघड अर्धा तास होता, पॉझिटिव्हपेक्षा अवघड. तो म्हणाला, दोन वर्षं झाली लग्नाला, मग मला कसा नाही? याचा अर्थ त्याच्या डोक्यात दोन्हीकडे जाऊ शकतो, एक म्हणजे हिला आत्ता आत्ता बाहेरून झाला, दुसरा म्हणजे रिपोर्टच खोटा. त्याला सांगितलं की प्रत्येक संबंधात विषाणू जातोच असं नसतं, एकाला असून दुसऱ्याला नाही अशी बरीच जोडपी असतात, तुमची टेस्ट तीन महिन्यांनी परत करू, तोवर कंडोम, आणि हिच्या गोळ्या नीट चालू राहून रक्तातला विषाणू मशीनला सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला की संबंधातून तुम्हाला होणार नाही. पहिल्या नवऱ्याचं तिने स्वतः सांगितलं. तो बराच वेळ खाली बघत होता आणि मग त्याने विचारलं, गोळ्या किती वाजता घ्यायच्या असतात, मी पहाटे उठतो तेव्हा उठवू का हिला.

हा प्रश्न आमच्या कामाचाच निघाला. गोळी एकच, टीएलडी म्हणतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर एकत्र, रोज एक, आयुष्यभर, एआरटी सेंटरला फुकट. पण डोलुटेग्राव्हिर रिकाम्या पोटी लोह किंवा कॅल्शियमबरोबर घेतलं तर अंगात नीट शोषलं जात नाही, त्यांच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर घ्यावं लागतं, आणि गरोदर बाईच्या पिशवीत लोह, कॅल्शियम दोन्ही असतातच. मग ठरलं की टीएलडी पहाटे तीनला तो निघताना, लोह दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. पहाटे तीनला घरात कुणी जागं पण नसतं, डबी काढायला बरं. डबीवरचा कागद तिने पहिल्याच दिवशी खरवडून टाकला होता.

मी लागले तेव्हा आईला प्रसूतीच्या कळांच्या वेळी नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि बाळाला एक डोस, असंच होतं मुख्यतः, आई स्वतःसाठी औषधाला पात्र आहे का हे तिच्या सीडी४ वर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या आकड्यावर, ठरायचं. २०१४ पासून गरोदर बाई पॉझिटिव्ह आली की लगेच कायमचा एआरटी, सीडी४ कितीही असो. एवढा मोठा बदल झालाय आणि तरी हिचे सतरा आठवडे गेले ते औषध नव्हतं म्हणून नाही गेले. औषध एका रिक्षाच्या अंतरावर होतं.

चौतिसाव्या आठवड्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याची टेस्ट केली, तो, हजाराच्या खूप खाली आला. आम्ही हजाराच्या खाली आला की बरं समजतो. प्रसूती सरकारीत, नॉर्मल. एचआयव्ही आहे म्हणून सिझर असं काही नसतं, बाळंतपणाचं दुसरं कारण असेल तरच. लेबर रूममध्ये आधीच जाऊन सिस्टरांशी बोलून ठेवलं होतं की फाइलच्या वरच्या पानावर लाल पेनाने काही लिहू नका, बेडला काही अडकवू नका, ग्लोव्हज सगळ्यांसाठी घालता तेच घाला. मुलगी झाली, २ किलो ७०० ग्रॅम. जन्मल्यावर लगेच नेव्हिरॅपिन सिरप चालू, रोज एकदा, सहा आठवडे.

अंगावरच पाजायचं ठरवलं होतं तिने. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, वरचं काही म्हणजे काहीच नाही, पाणी पण नाही, कारण वरचं आणि अंगावरचं मिसळलं की बाळाच्या आतड्याला इजा होऊन धोका वाढतो. आणि मग माहेरहून आई आली बाळंतविडा घेऊन, सोबत सहाण, बाळगुटीची सगळी सामग्री आणि मधाची बाटली. आईला काहीच माहीत नव्हतं, सांगायचं पण नव्हतं. बाराव्या दिवशी नवऱ्याने मार्केटमधूनच त्याच्या मुकादमाच्या फोनवरून मला फोन केला की मॅडम गुटी उगाळायला बसल्यात, काय सांगू. मी म्हटलं सांगा डॉक्टरनी बाळाच्या पोटासाठी सहा महिने सगळं बंद केलंय, आणि हे खोटं पण नाही, कुठल्याही बाळाला डॉक्टर हेच सांगतात. आशाताई संध्याकाळी जाऊन परत तेच बोलून आल्या, सासूबाईंसमोर. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर नाही म्हणतायत तर राहू दे विहीणबाई. मला वाटतं या केसमध्ये घरातून आलेली ती पहिली मदत होती.

सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतले, डीबीएस म्हणतात, ते लॅबला जातात आणि त्यात विषाणूच शोधतात, कारण साध्या टेस्टमध्ये आईच्या अँटिबॉडीज बाळात दीड वर्षापर्यंत दिसू शकतात. रिपोर्ट यायला वेळ लागतो. त्या दिवसांत ती दर दोन दिवसांनी अंगणवाडीच्या बाईंना, म्हणजे मला, मिसकॉल द्यायची. रिपोर्ट आला, विषाणू सापडला नाही. सहाव्या महिन्याचा पण तसाच आला. नवऱ्याची तीन महिन्यांनंतरची टेस्ट निगेटिव्ह.

त्या नर्सिंग होमची तक्रार करायची का असं मी तिला विचारलं होतं, ती नको म्हणाली, परत त्या काउंटरसमोर उभं राहायचं नाही म्हणाली. तिचा निर्णय. आमच्याकडे मात्र आठवड्यातून एक दिवस दुपारी तीनपर्यंत नमुने घ्यायचं ठरलंय, अजून तोंडी आहे, कागद निघालेला नाही. टेक्निशियन दादा थांबतात, बुधवारी. मार्केटमधले, एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीचे नवरे येतात कधी दोन कधी तीन, बायकोसोबत. ज्यांना येता येत नाही, कुणाला सांगता येत नाही, त्यांना मी १०९७ नंबर लिहून देते, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

बाळाची बारा महिन्यांची टेस्ट पुढच्या महिन्यात आहे, अठरा महिन्यांची शेवटची त्यानंतर. जाऊ अजून ताट वेगळंच ठेवते. ती म्हणते ठेवू दे, गोळी चुकली नाही एक पण.